बारीचा कागद

१

पेटीची दोन्ही कुलपं जागच्या जागी होती. आतल्या पिशवीची शिवणही शाबूत होती. पण शिवण कापून सुरजने पिशवी उलटी केली, तेव्हा बारीचा कागद काही पडला नाही. पडलं ते दुरेघी वहीतलं एक पान, आणि त्यावर शिसपेन्सिलीने गिरवलेलं ग ग ग ग ग.

गोरेगावच्या बाजारात, अबूबकरचाचांच्या पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानासमोर भर दुपारी चाळीसेक माणसं उभी होती. अर्धी सोनटाकळी गावची, अर्धी वडाच्या तांड्याची. सगळेच एकदम बोलायला लागले.

"चाचा, कागद कुठाय?" सुरज ओरडला. सोनटाकळीचं पुढारपण सध्या त्याच्याकडे आहे.

"मला काय म्हाईत बाबा," अबूबकरचाचा म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण आवाज लेकरासारखा बारीक झाला होता. "चाव्या तुमच्याकडं. एक तुझ्या घरी, एक नाईकाच्या घरी. माझ्याकडं नुसती पेटी."

"पेटी केली कुणी?" तांड्याचा भावसिंग पुढे आला. "तुमच्या आजानं. बिजागरी कुठून ढिल्ली व्हती ते तुमच्याबिगर कुणाला ठावं?"

हे दोघे एका सुरात बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि ठरलंही तिथल्या तिथे. आज मंगळवार. रविवारपर्यंत कागद निघाला नाही तर पेटी इथून उचलायची, आणि चाचांच्या दुकानाची पायरी ना गावाने चढायची, ना तांड्याने. तीन पिढ्यांचा विश्वास पाच दिवसांच्या मुदतीवर आला.

माणसं पांगली. चाचा पेटीजवळ खाली बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रामप्रसादजी, मी चोर हाय का हो?"

२

मी रामप्रसाद, निवृत्त नायब तहसीलदार. तीस वर्षं निवडणूक शाखेत लाख वितळवली, मोहरा उठवल्या, शाई मोजली. निवृत्त झालो, पण बूड टेकत नाही. बायको म्हणते, तुम्ही बसलात की खुर्चीच घाबरते. म्हणून एक उद्योग काढला: सोनटाकळी गटाचा इतिहास. जिल्हा परिषदेचा हा मतदारसंघ बासष्ट साली झाला आणि २०१२च्या फेररचनेत पुसला गेला. अर्धी गावं इकडे जोडली, अर्धी तिकडे. पुसलेल्या गटाचा इतिहास कोण लिहितो, असं मला तोंडावर हसणारे पुष्कळ भेटले.

त्यांना मी स्कॉटलंडचं सांगायचो. तिथे ब्यूट आणि केथनेस असे दोन परगणे होते. दोघांत मिळून खासदार एकच. एका पार्लमेंटला ह्याचा, पुढच्या पार्लमेंटला त्याचा. ज्याची बारी नसेल त्याने गप्प बसायचं. सव्वाशे वर्षं हे चाललं, मग तो मतदारसंघच मोडला, तरी तिथल्या लोकांनी प्रत्येक माणसाचं नाव लिहून ठेवलंय. मी हे चाचांना सांगितलं होतं, तेव्हा ते लगेच म्हणाले होते, "त्यांची पेटी कुणाकडं असायची?"

कारण आमच्या गटातही नेमकं तसंच होतं. एकटं गाव निवडून येऊ शकत नाही आणि एकटा तांडाही नाही. बासष्टला डोकी फुटली, तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की एकदा गावाचा माणूस, एकदा तांड्याचा, आणि मतं दोघांचीही. ते कागदावर लिहिलं, तोच हा बारीचा कागद. दर निवडणुकीआधी पेटी उघडायची, कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचा, मधलं काही गाळायचं नाही, मग खाली नवी ओळ लिहून नव्या पिशवीत शिवायचा. पेटी मात्र तिसऱ्याच्या घरी. अबूबकरचाचांचं घर ना गावाचं, ना तांड्याचं. कायद्यात ह्याला काडीची किंमत नाही, हे मी सरकारी माणूस म्हणून सांगतो. पण पन्नास वर्षं ह्या गटात डोकं फुटलं नाही, हेही सांगतो.

यंदाच्या रचनेत गट परत आला, आणि पेच उभा राहिला. २००७ साली बारी तांड्याची होती. पण जागा बाईसाठी राखीव झाली, तांड्यातून बाई उभी राहिली नाही, आणि सुरजची आई शकुबाई निवडून आली. गाव म्हणतं, तांड्याने बारी वाया घालवली, आता आमची. तांडा म्हणतो, वाया नाही, उसनी दिली, आता परत करा. खरं काय ते फक्त त्या साली लिहिलेल्या ओळीत. लिहिणारे दोघेही, सुरजचा बाप आणि तांड्याचे सेवा नाईक, आता नाहीत. चाचा तर लिहिताना नेमाप्रमाणे दुकानाबाहेर बसले होते. तिसऱ्याने ऐकायचं नाही, असाही नेम होता.

जागा यंदाही बाईसाठीच राखीव आहे. गावाकडून सुरजची बायको रुपा तयार बसलीय. तांड्याकडून भावसिंगची मुलगी निलम.

कागदच नसेल तर क्रमाने पुढची बारी गावाची. म्हणजे ज्याला कागद नको होता, तो सुरज. सरळ हिशोब होता. सरळ हिशोबाचा मला तीस वर्षं कंटाळा आलेला आहे, तरी मी बुधवारी सकाळी जीप पकडून सोनटाकळीला गेलो.

३

सुरजने चहा पाजला आणि चहाबरोबर रागही.

"सगळे माझ्याकडंच बघून राहिले, साहेब. मी कागद कशाला चोरू? कागदात आमचीच बारी लिवली असंल."

"असेल की नसेल?"

"आबा कधी बोलले न्हाईत." तो घुटमळला. "मरताना एकदा म्हणले, तांड्याचं देणं हाय. आमी समजलो, बैलाचं काहीतरी."

त्याने हे मला सांगायलाच नको होतं. चोर असं सांगत नाही. मी चरफडलो, कारण माझा सरळ हिशोब तिथेच मोडला.

"तुझी चावी कोणी नेली होती?"

"देव्हाऱ्यात असती. आन माझ्या एकट्या चावीनं काय व्हतंय? दुसरी नको का?"

बरोबर होतं. तांड्यात भावसिंगनेही हेच सांगितलं, फक्त आवाज जास्त चढवून. "माझ्या पोरीची बारी जाऊन राहिली आन मीच कागद चोरीन व्हय? त्या म्हाताऱ्याला विचारा. पेटी त्याच्या दारात, अवजार त्याच्या हातात."

निघताना त्याची आई मोतीबाई ओसरीत बसलेली दिसली. सेवा नाईकांची बायको. पासष्टीच्या पुढची, अंगात जुन्या वळणाची, आरसे जडवलेली चोळी म्हणजे कांचळी, हातात कोपरापर्यंत चुडे. मी पेटीची गोष्ट काढली तर म्हणाली, "आमाला काय समजतं साहेब. आमी अंगठेवाल्या."

मी पिशवीतून माझ्या पुस्तकाची छापखान्यातून आलेली कच्ची प्रत काढली. म्हातारीला कौतुक वाटावं म्हणून हातात दिली. तिने बोट ओलं केलं, पानं उलटली, मध्ये एका पानावर थांबली, थोडा वेळ थांबलीच, आणि प्रत मिटून परत दिली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "चाचाला खरंच पेटी सोडावी लागंल का हो?"

"रविवारी."

तिने पदर सारखा केला आणि आत गेली. निलम पाणी घेऊन आली तेव्हा ओसरी रिकामी होती.

४

गुरुवारी मी चाचांच्या दुकानात ठाण मांडलं. ठाण कसलं, येरझाऱ्याच. चाचांनी दोन दिवस जेवणाला हात लावला नव्हता. त्यांची सून शहनाज मला हळूच म्हणाली, "साहेब, अब्बा काम करून राहिले, पण ठोका चुकून राहिलाय." खरंच, लग्नाच्या पेटीचा पत्रा त्यांनी दोनदा वाकडा कापला. ज्यांचा हात डोळे मिटून चालायचा, त्यांना हे शोभणारं नव्हतं.

मी ती कापलेली पिशवी मागून घेतली आणि भिंगाखाली धरली. पाकिटं कोणी मधेच फोडलीत का, हे बघण्यात माझं आयुष्य गेलंय.

पांढरा दोरा होता. लोखंडी पेटीत अठरा वर्षं राहून दोऱ्याचा वर दिसणारा भाग गंजाने तांबूस झाला होता. कापडाच्या आत दडलेला भाग मात्र पांढराच. टाका वर आला की तांबूस, आत गेला की पांढरा. असा शेवटपर्यंत.

मी उठून उभा राहिलो.

"चाचा, हा दोरा कोणी ओढून काढला असता आणि परत शिवला असता, तर तांबूस तुकडा पुन्हा नेमका वर आला असता का?"

चाचांनी हातोडी खाली ठेवली. "कसा येईल? चार टाक्यांत बिघडंल."

"म्हणजे पिशवी शिवल्यापासून कोणी उघडलेलीच नाही. पेटी फोडली नाही, कुलपं काढली नाहीत. कागद चोरीला गेलाय तो आत्ता नाही. २००७ सालीच गेलाय. पेटीत तो कधी आलाच नव्हता!"

चाचांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पर मग नेला कुणी? हे सांगितल्याबिगर लोक थोडंच ऐकणार. म्हणतील, त्या दिवशीबी म्हातारा तिथंच व्हता."

मी ते दुरेघी पान पुढे ओढलं. सगळ्यांनी हे लेकराचं पान म्हणून टाकून दिलं होतं. मी पान उलटं करून त्यावर बोट फिरवलं. प्रत्येक ग मागच्या बाजूने उठून आला होता. एका ठिकाणी तर कागद फाटला होता. पहिलीतलं लेकरू पेन्सिल अशी रेटत नाही. हा हात मोठ्या माणसाचा, विळा आणि कुदळ धरणारा.

मोठं माणूस. २००७ साली अक्षरं गिरवणारं. आणि कागद पिशवीत जाताना त्याच्याजवळ असणारं.

"चाचा, त्या दिवशी पिशवी शिवली कोणी?"

"बायकांचं काम ते," चाचा सहज म्हणाले. "ज्याची बारी, त्याच्या घरची बाई शिवती. पहिल्यापासून."

मी माझी कच्ची प्रत उघडली. नेमाचं सगळं लिहिलं होतं मी. चाव्या कोणाकडे, सही कोणाची, पेटी कोणाची, सगळ्यांची नावं. आणि पान चौदा: 'नंतर पिशवी शिवली जाई.' शिवणारीचं नाव नाही. मी विचारलंच नव्हतं. चाळीस माणसांनी मंगळवारी चाव्या मोजल्या, सुई एकानेही मोजली नाही.

आणि मग आठवलं, ओसरीत ती थांबली होती ते पान. मी ते उघडलं. २००७चं प्रकरण. पानावर एकही फोटो नव्हता, नुसती अक्षरं. अंगठेवाली बाई त्या पानावर थांबली कशी?

५

शुक्रवारी मी तांड्यात गेलो तेव्हा मोतीबाई घरी एकटीच होती. मी काही विचारायच्या आत तिने माझ्या हातातलं दुरेघी पान बघितलं.

"माझंच हाय," ती म्हणाली.

मी बसलो. पहिल्यांदा त्या आठवड्यात खरोखर बसलो.

"त्या साली जागा बाईची निघाली," ती सांगू लागली. "मी म्हणलं, मी उभी राहते. नाईकाला सांगितलं न्हाई. शाळेच्या बाईकडं जाऊन गिरवाया लागले. सही तरी याया पायजे ना. मग कागदाच्या दिवशी नाईक मला संगट घेऊन गेला. मला वाटलं, माझंच नाव लिवायला. मी भाईर बसले. आत दोघांनी लिवलं. नाईक भाईर आला, कागद माझ्या हातात दिला आन म्हणला, शिव. मी इचारलं, माझं नाव लिवलं का? तर म्हणला, व्हय, तुझंच लिवलंय. आन हासला."

तिने हातातले चुडे मागे सारले.

"त्या हासण्याचा मला भरवसा वाटला न्हाई. गिरवायचं पान कांचळीत व्हतं. ते पिशवीत घातलं, कागद कांचळीत. वाटलं, आठ दिवसांत वाचीन आन गुपचूप ठेवीन. मला काय म्हाईत वाचायला किती दिवस लागतेत. तीन वर्सं लागली साहेब. आन वाचलं तवा कळलं, परत ठेवायला दोन चाव्या लागतेत."

"काय लिहिलंय?"

तिने सांगितलं नाही. "त्यो कागद वाचला तर निलमला बारी मिळती. पर सगळा वाचावा लागतो. मधलं गाळायचं न्हाई." तिने दाराकडे बघितलं. "नातीसमोर, गावासमोर, पोराच्या तोंडून मी ते ऐकू का?"

"आणि चाचा?"

तिने तोंड फिरवलं. मी उठलो. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता, आणि माझा त्याहून जास्त. "मी तुमचं नाव घेणार नाही," मी म्हणालो. "पण रविवारी अकरा वाजता ते पेटी उचलतील."

६

रविवारी चाचांनी पेटी स्वतःच बाहेर आणून ठेवली होती. पुसून, तेल लावून. माणसं मंगळवारपेक्षा जास्त होती. निलमही भावसिंगबरोबर आली होती, तोंड उतरलेलं. म्हातारी कुठे दिसली नाही.

मी दोरा दाखवला. तांबूस टाके, पांढरे टाके, सगळं सगळं समजावलं. लोकांनी दोरा हातोहात फिरवला. दोनचार माना हलल्या. पण सुरज म्हणाला, "ठीकाय, पेटी फुटली न्हाई. मग २००७ला कागद गेला कुठं? ते सांगा."

मी पिशवीची घडी घालू लागलो.

"सांगा की साहेब! न्हाई तर मानावं लागंल, त्याच दिवशी म्हाताऱ्यानं..."

चाचा खाली बघत होते. दिलेला शब्द मोडू, की ह्या माणसाला मोडू देऊ? नाव ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तांड्याकडून आलेली जीप बाजारात थांबली.

मोतीबाई उतरली. एकटी. गर्दीतून सरळ पेटीपाशी आली आणि कांचळीतून घडी घातलेला कागद काढला.

"हा घ्या बारीचा कागद," ती म्हणाली. "अठरा वर्सं माझ्यापाशी व्हता. मीच शिवताना बदलला. चाचाचा काय बी गुन्हा न्हाई."

भावसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. "याडी!" त्याने आईसमोर येऊन हात पसरला. "आण इकडं, मी वाचतो."

"तू न्हाई," ती म्हणाली. "मी वाचते."

आणि तिने वाचलं. बासष्टच्या पहिल्या ओळीपासून. एकेक अक्षरावर बोट ठेवत, अडखळत, थुंकी गिळत. कोणाचा बाप, कोणाचा आजा, सगळी नावं तिच्या तोंडून निघाली. पाऊण तास लागला असेल. एकही माणूस हलला नाही. मग ती शेवटच्या ओळींवर आली.

"२००७. बारी तां-ड्या-ची. जागा बाईची. तांड्यात उभी... राह-ण्या-जोगी... बाई नाही."

ती थांबली. निलमने तोंडावर हात दाबला. मोतीबाईने बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि तीच ओळ परत वाचली. ह्या वेळी न अडखळता.

"तांड्यात उभी राहण्याजोगी बाई नाही. म्हणून ही बारी गावाला उसनी. तांड्यातून बाई उभी राहील त्या दिवशी परत. सही, सेवा नाईक."

सुरज कागदावर वाकला. खाली त्याच्या बापाचीही सही होती. मग तो म्हणाला, "तांड्याचं देणं हाय, म्हणले व्हते आबा. ते हे." आणि निलमला म्हणाला, "बारी तुमची, ताई. मतं आमची."

नवी ओळ लिहिण्यासाठी मी पेन काढलं. ओळ निलमने लिहिली. खाली सुरजने सही केली. तांड्याकडून सहीला भावसिंग पुढे झाला, तर मोतीबाईने पेन आपल्याकडे घेतलं आणि त्याच्या हातात सुई-दोरा दिला. "तू शीव," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने शिवायला घेतलं आणि दुसऱ्याच टाक्याला बोट टोचून घेतलं. माणसं हसली, तोही हसला.

मोतीबाई चाचांसमोर जाऊन उभी राहिली. "भाई, माझ्यामुळं तुमाला लई तकलीफ झाली. अठरा वर्सं तुमी रिकामी पेटी सांभाळली."

चाचांनी डोळे पुसले. दुकानाच्या फळीवरून ते दुरेघी पान उचललं, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केलं, आणि भावसिंगला थांबवून पिशवीत कागदाशेजारी सरकवलं.

"रिकामी कुठं व्हती बहन," ते म्हणाले. "तुमचा ग व्हता की तिच्यात."